कॅमेरा पोलिसांचा, चित्रण कुणाच्या ताब्यात?

९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले. आजच्या सांगलीतले तासगाव, वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. सरकारी कागद सरकारचाच होता. खरी हकिकत आपल्या आज्या-पणज्यांनी तोंडी जपली.

७५ वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. आधी सांगितलं गेलं, तो पळून गेला. मग उघड झालं, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला होता. म्हणजे स्वराज्यातही पहिली नोंद खोटीच!

डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला: प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्येसुद्धा, आवाजासकट सीसीटीव्ही हवा आणि चित्रण १८ महिने जपायचं. जिल्ह्याच्या देखरेख समितीत कलेक्टर, एसपींबरोबर महापौर किंवा जिल्हा परिषद अध्यक्षही हवेत. १ जुलै २०२४ पासून झडतीचंही चित्रण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं.

पोलिसाच्या छातीवरच्या आणि गाडीवरच्या कॅमेऱ्यालाही मी हीच कसोटी लावतो. बटण कुणाच्या हातात? चित्रण किती दिवस राहणार? मागितलं तर देणार कोण? हे ठरलेलं असेल, तर खोट्या आरोपातून प्रामाणिक हवालदारही वाचेल.

मतं मागायला येतील तेव्हा एवढंच विचारा: ती समिती शेवटची कधी बसली?