तळटीप १४ : ‘ट्रायब्युनलपुढे उभा राहिला’

जानेवारी १९१६मध्ये ब्रिटनच्या संसदेने लष्करी सेवा कायदा केला. तोवर पहिल्या महायुद्धात स्वयंसेवकांवरच भागवले जात होते. आधी १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष आणि मे महिन्यापासून विवाहितही सक्तीच्या भरतीत आले. सूट मागणाऱ्याने स्थानिक ट्रायब्युनलपुढे जायचे. अनुवादात ‘न्यायालय’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे, कारण तिथे बहुधा गावातलेच नगरसेवक आणि व्यापारी बसत, सोबत उलटतपासणीला लष्कराचा प्रतिनिधी. दोन मुलगे आघाडीवर गेले, आता नांगराला तिसरा तरी राहू द्या, असे शेतकरी बाप विनवी. पदरात पडे ती पीक निघेपर्यंतची मुदत. शस्त्र धरणार नाही म्हणणाऱ्याला ठरलेला प्रश्न असे : जर्मन सैनिक तुझ्या बहिणीवर चालून आला तर काय करशील? असे सुमारे १६,००० नकारदार होते. त्यांतल्या ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला आणि मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. युद्धानंतर ट्रायब्युनलांची बहुतेक दप्तरे सरकारी आदेशाने नष्ट झाली. त्या बापांचे अर्जही त्यांतच गेले, ही हानी मला फार मोठी वाटते. — संपादक