एका झाडाच्या नावावरून मायभूमी सापडते का?

शब्दाच्या आधी छोटी चांदणी (*) दिसली की समजायचं: हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, त्यातून निघालेल्या भाषांची तुलना करून अभ्यासकांनी तो मांडलाय. आद्य-स्लाव्हिक भाषेतला *बुकु हा असाच शब्द. अर्थ: युरोपातलं बीच नावाचं झाड (समुद्रकिनाऱ्याशी संबंध नाही!). पोलिश, चेक, रशियनमध्ये आज तो 'बुक' आहे, सर्बियनमध्ये 'बुक्वा'. बुकोविना या प्रदेशाचं नावही त्यावरूनच पडलं.

लॅटिनमध्ये हेच झाड 'फागुस'. हे प्राचीन इंडो-युरोपीय नाव स्लाव्हिकमध्ये वारशाने आलं असतं, तर ध्वनिनियमांप्रमाणे त्यात 'आ' हा स्वर आणि मूळच्या तालव्य 'ग'च्या जागी 'ज़' दिसायला हवा होता. दिसतात मात्र 'उ' आणि 'क'. 'ग'चा 'क' होणं ही जर्मॅनिक भाषांची खूण. म्हणजे शब्द तिकडून उसना घेतलेला.

याउलट बर्च झाडाचं नाव *बेर्ज़ा हे वारशाचं. सर्बियनमध्ये 'ब्रेज़ा', आणि संस्कृतमध्ये त्याचा भाऊबंद 'भूर्ज', म्हणजे आपल्या भूर्जपत्रातला! संस्कृत 'ज'समोर स्लाव्हिक 'ज़', अगदी नियमाप्रमाणे.

पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ युझेफ रोस्ताफिन्स्की यांनी १९०८ साली अशा वृक्षनामांवरून युक्तिवाद केला. बीच साधारण कालिनिनग्राद ते ओडेसा या रेषेच्या पश्चिमेला वाढतो. स्लाव्हांकडे त्याला स्वतःचं नाव नव्हतं. म्हणून त्यांची मायभूमी रेषेच्या पूर्वेला.

ऐकायला चोख वाटतं. पण तीन ठिकाणी थांबा. एक, शब्द झाड बदलतात: 'फागुस'चाच ग्रीक भाऊ 'फेगोस', पण अर्थ ओक. दोन, झाडंही जागा बदलतात. हिमयुगानंतर बीच हळूहळू पसरत गेला, त्यामुळे आजची रेषा दोन हजार वर्षं मागे नेण्याआधी तळ्यांच्या गाळातले परागकण तपासावे लागतात. तीन, ओळखीच्या वस्तूचं नावही उसनं येतं. 'जमीन' हा शब्द फारसीतून आला, म्हणून आधी आपल्या पायाखाली जमीन नव्हती का?

तेव्हा संशोधन-प्रस्ताव लिहिताना दोन विधानं वेगळी ठेवा. 'शब्द उसना आहे' हे ध्वनिनियमांवर ठाम उभं आहे. 'म्हणून झाड माहीत नव्हतं' याला मात्र भाषेबाहेरचा पुरावा लागतो. पहिल्याच्या जोरावर दुसरं खपवलं, की परीक्षक तिथेच बोट ठेवतात.