पन्नास पैशांच्या कार्डाचा हिशेब

टपालखात्याच्या तोट्याचा विषय निघाला की बोट पोस्टमनकडे वळते. हा अन्याय आहे. तोट्याचे मूळ बरेचसे सरकारी कायद्यांतच सापडते. 1854 पूर्वी मुंबई-कलकत्ता पत्राला तोळ्यामागे एक रुपया पडे. त्या वर्षीच्या कायद्याने अंतराचा हिशेबच मोडीत काढला आणि पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठेही जाऊ लागले. अधिकाऱ्यांची फुकट टपालाची सवलतही गेली. 1866 पासून सरकारी पत्रांसाठी ‘सर्व्हिस’ छापलेली तिकिटे निघाली. सेवा वापरणाऱ्याने दाम मोजावा, मग तो सरकार का असेना, हे तत्त्व तेव्हा मान्य होते.

1898 च्या कायद्याने पत्रवाहतुकीची मक्तेदारी खात्याला दिली, पण कमाल दर अनुसूचीत बांधून टाकले. दरवाढ हा त्यामुळे राजकारणाचा विषय झाला. 1879 मध्ये पाव आण्याला निघालेले कार्ड 1922 मध्ये अर्ध्या आण्यावर गेले. स्वातंत्र्यानंतर कार्डाला हात लावणे म्हणजे गरिबाच्या खिशाला हात घालणे, अशीच समजूत राहिली. म्हणून कार्ड पन्नास पैशांवर आणि आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांवर थबकले. शिक्का मारणे, वर्गवारी, थैलीचा प्रवास आणि आडगावच्या वाडीपर्यंतची पायपीट एवढे सगळे पन्नास पैशांत भागत नाही. दरम्यान शहरांतला किफायतशीर धंदा कुरियरवाल्यांनी उचलला, आणि 2023 च्या कायद्यात मक्तेदारीही उरली नाही. दीड लाखांहून अधिक कार्यालये मात्र कायम आहेत, बहुतेक खेड्यांत.

मोबाइलने पत्रे संपवली, कायद्याला दोष कशाला, असे कोणी म्हणेल. पत्रे घटली हे खरे. पण गिऱ्हाईक घटले की खासगी धंदेवाला दर बदलतो, तोट्याची शाखा बंद करतो. खात्याला या दोन्ही वाटा मोकळ्या नव्हत्या. मग आता दर वाढवा, शाखा मिटवा, असा दुसरा सल्ला येतो. नव्या कायद्याने दर ठरवण्याचा अधिकार टपाल महासंचालकांकडे दिला आहे, तेव्हा दरवाढ अवघड नाही. पण खेड्यातली शाखा मिटली तर तिथे दुसरे कोणी दुकान थाटणार नाही. स्वस्त आणि सर्वदूर टपाल हे सरकारचे वचन आहे. त्याचा खर्च तोटा म्हणून खात्याच्या माथी न मारता अर्थसंकल्पात उघडपणे मांडला पाहिजे.