रक्तातलं शिसं कसं मोजतात? तीन पद्धती आणि रिपोर्टमधलं एकक

मागच्या वर्षी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. "अरे, गेल्या आठवड्यात ६.८ होतं, आज ४२ आलंय. बाळाला ॲडमिट करायचं का?" तिचा मुलगा दोन वर्षांचा. घराच्या खिडकीचा जुना रंग सुटलेला, त्याचे पोपडे तो तोंडात घालायचा. म्हणून डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ही मशिन्स कशी चालतात ते वाचत बसलो. तेच आज सोप्या भाषेत बघूया.

१. छोटं मशीन (ॲनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री)
बोटाला टोचून घेतलेले एक-दोन थेंब पुरतात. रक्तातलं बहुतेक शिसं लाल पेशींत असतं, म्हणून आधी रसायनाने पेशी फोडतात. मग व्होल्टेज देऊन शिसं इलेक्ट्रोडवर जमा करतात, आणि व्होल्टेज उलट दिशेने नेऊन ते सोडवतात. सुटताना वाहणाऱ्या करंटवरून प्रमाण कळतं. लीडकेअर टू हे या प्रकारचं मशीन तीन मिनिटांत आकडा देतं, पण ३.३ ते ६५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर एवढ्याच टप्प्यात. दुसरी अडचण म्हणजे बोटावरच्या धुळीत शिसं असेल तर आकडा उगाच वाढतो. शिवाय शिरेतलं रक्त वापरलं तर लीडकेअर मशिन्स कमी आकडा दाखवू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये दिला होता.

२. ग्राफाइट फर्नेस
ग्राफाइटच्या नळीत नमुना दोन हजार अंशांच्या आसपास तापवतात. मोकळे झालेले शिशाचे अणू २८३.३ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. जितका प्रकाश कमी पोचला, तितकं शिसं जास्त. साधारण १ ते २ मायक्रोग्रॅमपर्यंत भरवसा ठेवता येतो. पण एका वेळी सहसा एकच धातू मोजता येतो.

३. आयसीपी-एमएस
आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात, म्हणजे सहा हजार अंशांहून जास्त तापमानात, नमुन्याचे आयन बनतात आणि मशीन ते वजनानुसार वेगळे करून मोजतं. शिशासाठी २०६, २०७ आणि २०८ या समस्थानिकांची बेरीज घेतात. ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपासचं प्रमाणही पकडता येतं, आणि त्याच नमुन्यात कॅडमियम, पारा वगैरेही मोजता येतात. पण मशीन महाग, आणि चालवायला तयार माणूस लागतो.

मग ४२ चं काय?
ताईचा पहिला रिपोर्ट छोट्या मशीनचा, मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दुसरा शिरेतल्या रक्ताचा, आयसीपी-एमएसवरचा, आणि एकक होतं मायक्रोग्रॅम प्रति लिटर! एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर. म्हणजे ४२ भागिले १० = ४.२. शिसं वाढलं नव्हतं, उलट पहिला आकडाच बहुधा बोटावरच्या धुळीमुळे फुगलेला होता. प्रति डेसिलिटर ४५ झालं की डॉक्टर शिसं बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार करतात, त्यामुळे ताईची घाबरगुंडी चुकीची नव्हती.

पण ४.२ म्हणजे "नॉर्मल" असंही नाही. डब्ल्यूएचओ ५ पासून स्रोत शोधायला सांगते, तर अमेरिकेच्या सीडीसीचा संदर्भ आकडा २०२१ पासून ३.५ आहे. शिशाची सुरक्षित अशी पातळी कुठलीच माहीत नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. तोवर भावोजींनी बाळाचा पलंग त्या खिडकीपासून हलवला, आणि घरात कोरड्या झाडूऐवजी ओलं पुसणं सुरू झालं.

रिपोर्ट आला की तीन गोष्टी बघा: रक्त बोटातलं की शिरेतलं, पद्धत कोणती, आणि एकक काय. बोटातला आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करून घ्या. टोचण्याआधी मुलाचे हात साबणाने धुवायला विसरू नका. आणि औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच!