टंगस्टन इलेक्ट्रोड (अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डिंगसाठी)

टिग वेल्डिंगच्या, म्हणजे वर्कशॉपातल्या आर्गन वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये बसवलेली, स्वतः न वितळता आर्क पेलणारी टंगस्टनची कांडी. टंगस्टनचा वितळणबिंदू ३,४२२° से. असून सर्व धातूंमध्ये तो सर्वाधिक आहे. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१च्या सुमारास मॅग्नेशियम जोडण्यासाठी हेलियम वायूत ही पद्धत विकसित केली. आज वायू म्हणून मुख्यतः आर्गन वापरतात.

पुणे जिल्ह्यातला इंदापूर-बारामती हा पट्टा उसाचा तसाच दुधाचा. इंदापूर-अकलूज रस्त्यावरच्या बावड्यासारख्या गावात अ‍ॅल्युमिनियमचे काम म्हटले की डोळ्यासमोर येते ती ४० लिटरची दुधाची कॅन. कॅनचा तळ किंवा कान तडकतो आणि चिरेत दूध साचून राहते. तिथे वाढलेले जंतू पुढच्या खेपेचे दूध नासवतात. म्हणून आतली झाळ गुळगुळीत आणि निर्भेळ हवी. टंगस्टनचा कण झाळीत पडणे हा दोषच होय; एक्स-रे फिल्मवर तो पांढऱ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो.

अ‍ॅल्युमिनियम ६६०° से.ला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,०००° से.च्या वर. त्यामुळे एसी करंट लागतो. इलेक्ट्रोड धन असताना पापुद्रा फुटतो आणि ऋण असताना उष्णता कामात खोल जाते. मात्र धन अर्ध्यात उष्णतेचा मोठा वाटा इलेक्ट्रोडवरच येतो. निवडीचा सगळा प्रश्न इथून उभा राहतो: अ‍ॅल्युमिनियमवर टंगस्टनला स्टीलच्या कामापेक्षा कितीतरी जास्त तापावे लागते.

कांडीचा प्रकार टोकाच्या रंगावरून ओळखतात. हिरवी म्हणजे शुद्ध टंगस्टन. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर हिचे टोक वितळून स्वच्छ गोळी होते आणि आर्क स्थिर राहतो. जुनी पुस्तके हिचीच शिफारस करतात. पांढरी झिर्कोनियमची, तीही एसीवर चांगली आणि हिरवीपेक्षा जास्त करंट सोसणारी. सोनेरी (१.५ टक्के) आणि निळी (२ टक्के) या लँथेनम ऑक्साइडच्या. आजच्या इन्व्हर्टर मशीनसाठी याच घ्याव्यात. त्या एसी-डीसी दोन्हींवर चालतात, कमी करंटलाही चटकन पेटतात आणि टोक टिकवून धरतात. सकाळी कॅन आणि दुपारी स्टीलचा पाइप येणाऱ्या दुकानाला एकच पुडा घ्यायचा असेल, तर तो यांचाच असावा. करड्या सेरियमच्या कांड्या कमी करंटला ठीक. लाल कांडीत २ टक्के थोरियम ऑक्साइड असते. ती डीसीवर उत्तम चालते, पण थोरियम किरणोत्सारी आहे आणि घासताना त्याची धूळ श्वासात जाते. तितकाच चांगला पर्याय मिळत असताना ती वापरण्याचे कारण उरत नाही.

कांडीची जाडी करंटवरून ठरते. अ‍ॅल्युमिनियमच्या दर मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपिअर धरतात. पातळ पत्र्याला १.६ मिमी कांडी पुरते. कॅन, रेडिएटरची टाकी अशा नेहमीच्या कामाला २.४ मिमी, ती सुमारे १५० अँपिअरपर्यंत निर्धास्त चालते. गिअरबॉक्सच्या जाड कास्टिंगला ३.२ मिमी लागते. कांडी बारीक पडली तर टोक थरथरते, गोळी फुगून लोंबते आणि थेंब झाळीत गळतो. जाड पडली तर आर्क टोकाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला भटकतो. गोळी कांडीच्या व्यासाच्या दीडपटीहून मोठी झाली, की करंट उतरवावा किंवा जाड कांडी घ्यावी. इन्व्हर्टरवर बॅलन्स, म्हणजे धन-ऋण वेळेचे प्रमाण, पाहावा: सफाईचा (धन बाजूचा) वाटा वाढवला की टंगस्टन जास्त तापते. साधारण ७० टक्के वेळ ऋण बाजूला ठेवून सुरुवात करावी आणि पापुद्रा निघेल इतकीच सफाई वाढवावी.

लँथेनमच्या कांडीला धार काढून टोक किंचित बोथट करतात. घासण्याच्या रेषा कांडीच्या लांबीतच हव्यात. आडव्या रेषांनी आर्क भरकटतो. काम थांबल्यावर टोक चांदीसारखे चकचकीत दिसले पाहिजे. निळसर-काळे पडले, तर वायू लवकर बंद झाला असे समजावे. दर १० अँपिअरला सुमारे १ सेकंद या हिशोबाने तो नंतरही सोडत राहावा. टोक वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमला टेकले, तर तेवढा तुकडा मोडून नव्याने घासावे. घासणीचा दगड फक्त टंगस्टनसाठी राखावा, कारण लोखंडाचा कण टोकात रुतला की तो आर्कमधून झाळीत उतरतो.