राब : बियाची शिदोरी आणि मातीचे देणे

महाडहून वरंध घाटाकडे निघाले की पूर्वी चैत्र-वैशाखात डोंगरउतारांवर धुराचे लोट दिसत. नवख्यास तो वणवा वाटे. प्रत्यक्षात तो राब. रोप टाकावयाच्या जागेवर शेण, झाडांची कवळ, पालापाचोळा व गवत यांचे थर रचावयाचे, वर बारीक माती पसरावयाची आणि सारे मंद जाळावयाचे. पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत भात वा नाचणी पेरली जाई.

या धुरावरून एकोणिसाव्या शतकात मोठा कलह माजला. 1878 च्या वनकायद्यानंतर कवळ तोडण्यावर निर्बंध आले. कवळ नाही तर राब नाही, आणि राब नाही तर रोप नाही, हे शेतकऱ्याचे साधे गणित. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी 1885 साली सरकारला आयोग नेमावा लागला. (कुलाब्याचे रायगड झाले ते 1981 साली.) राब म्हणजे अडाण्यांची उधळपट्टी, असे अनेक अधिकाऱ्यांचे मत होते. परंतु 1889 साली विलायतेहून आलेल्या डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनतज्ज्ञांनी 1893 च्या अहवालात या चालीमागे अनुभवाचा आधार असल्याचे मान्य केले. पुढे 1912 साली हॅरॉल्ड मान, जोशी व कानिटकर यांनी राबाचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला. राखेइतकाच, किंबहुना अधिकच, मातीस बसणारा ताप महत्त्वाचा, असे त्यांना आढळले.

हे असे का व्हावे? बी आपली शिदोरी घेऊनच जन्मास येते. त्यातील स्फुरद बव्हंशी फायटिनच्या रूपात साठविलेला असतो आणि अंकुर त्यावर पहिले काही दिवस काढतो. शिदोरी सरली की सारा भार कोवळ्या मुळांवर. मूळ माती खात नाही. केसासारख्या मूलरोमांवाटे पाण्यात विरघळलेले क्षारच ते शोषते. आमच्या तांबड्या मातीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात, आणि विरघळलेले नत्र मुसळधार पावसात वाहून जाते. म्हणजे घरात धान्य असून चूल थंड, अशी रोपाची गत. नेमक्या त्या वेळी राब त्याच्या मुळाशी पोटॅश, स्फुरद आणि तापाने मोकळे झालेले नत्र आणून ठेवतो; तणाचे बीही जळून गेलेले असते.

वरकस जमिनीवरची नाचणी तर या बाबतीत विलक्षणच. शंभर ग्रॅम दाण्यांत ती सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम साठविते. सडलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. पाहुण्यास भात आणि घरच्यांस भाकरी वाढणाऱ्या कुटुंबांची हाडे या ‘हलक्या’ धान्याने जपली, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

पालाच जाळल्याने डोंगर उघडे पडले, हा आक्षेप मात्र खोटा नव्हता. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात पद्धतीने त्यातून वेगळी वाट काढली. तीत गिरिपुष्पाचा पाला न जाळता चिखलणीपूर्वी खाचरात मिसळतात, आणि रोपांच्या वाफ्यात भाताच्याच तुसाची काळी राख घालतात.