जीव, मन आणि मेंदू (जैन मानसशास्त्र)

‘मी’ म्हणून ज्याचा अनुभव येतो तो मेंदूचाच व्यापार, की मेंदू हे त्याचे केवळ साधन, या प्रश्नावरील जैन विचार. आधुनिक मानसशास्त्राशी त्याची सांगड घालणाऱ्या अभ्यासकांत धारवाडचे प्राध्यापक टी. जी. कलघटगी महत्त्वाचे. ‘सम प्रॉब्लेम्स इन जैन सायकॉलॉजी’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ कर्नाटक विद्यापीठाने 1961 मध्ये प्रसिद्ध केला. ‘जैन व्ह्यू ऑफ लाइफ’ हा दुसरा ग्रंथ 1969 मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून आला.

जैन मतानुसार जीवाचे लक्षण उपयोग, म्हणजे जाणिवेचा व्यापार. मन मात्र दोन प्रकारचे. द्रव्यमन सूक्ष्म पुद्गलाचे, म्हणजे जड द्रव्याचेच बनलेले असते; भावमन ही जीवाची विचार करण्याची शक्ती व क्रिया. द्रव्यमनाचे स्थान दिगंबर परंपरेने हृदयात मानले, आठ पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे. श्वेतांबरांच्या मते ते सर्व शरीरभर असते. हृदयाची ही कल्पना आज कोणी मान्य करणार नाही. पण सिद्धान्त तिच्यावर उभा नाही. हृदयाच्या जागी मेंदू ठेवला तरी विचाराला जड साधन लागते, हा मुद्दा कायम राहतो.

मतिज्ञान आणि श्रुतज्ञान, म्हणजे माणसाचे रोजचे सगळे ज्ञान, इंद्रिये व मन यांच्याद्वारेच होते. शिवाय राग, लोभ, अहंकार हे कषाय मोहनीय, म्हणजे मोह पाडणाऱ्या कर्माच्या उदयाने उत्पन्न होतात, आणि जैन दर्शनात कर्म हेही पुद्गलच. 1848 मध्ये अमेरिकेत फिनियस गेज या रेल्वे कामगाराच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण ओळखीच्या लोकांना तो पूर्वीचा राहिला नाही असे वाटले. आत्मा मानणाऱ्या बऱ्याच दर्शनांना हे उदाहरण अडचणीचे आहे. जैनांना तितके नाही, कारण स्वभावाचा मोठा वाटा त्यांनी आधीच जडाच्या पदरात टाकलेला आहे. जीवाकडे निखळ जाणीव उरते. वाद खरा तिथे आहे.

हा वाद जुना आहे. श्वेतांबर आगमातील ‘रायपसेणइय’ या ग्रंथात पएसी राजा आत्मा शोधण्यासाठी प्रयोग करतो. चोराला लोखंडी भांड्यात कोंडून ते हवाबंद करतो. चोर मरतो, पण भांड्याला कुठे भोक पडत नाही. दुसऱ्या चोराचे जिवंतपणी आणि मेल्यावर वजन करतो. फरक दिसत नाही. तिसऱ्याचे तुकडे करून आत पाहतो. जैन साधू केशी श्रमण प्रत्येक प्रयोगाला उत्तर देतात. बंद घरातला नगाऱ्याचा आवाज भिंतीला भोक न पडता बाहेर येतो. चामड्याची पिशवी फुगवली तरी तिचे वजन तेवढेच भरते. हवेला वजन असते हे आता शाळेत शिकवतात, त्यामुळे दुसरे उत्तर टिकत नाही. तरीही विरोधकाचा पुरावा इतक्या सविस्तरपणे नोंदवणे हा या परंपरेचा मोठेपणा मानला पाहिजे.

कलघटगी यांनी उपयोगाची तुलना मॅक्डूगल आणि नन या पाश्चात्त्य विचारवंतांच्या ‘हॉर्मे’ या प्रेरक शक्तीच्या कल्पनेशी केली. ही तुलना विचार करण्याजोगी आहे. अवधिज्ञान (इंद्रियांविना दूरच्या वस्तूंचे ज्ञान) व मनःपर्यायज्ञान (इतरांच्या मनातील विचारांचे ज्ञान) यांना परामानसशास्त्रातील अतींद्रिय दर्शन आणि परचित्तज्ञान यांचा आधार देणे मात्र दुबळे ठरते. त्या क्षेत्रातील प्रयोगांचे निष्कर्ष इतरांच्या हाती सातत्याने आले नाहीत.

सर्वांत अवघड प्रश्न स्मृतीचा. मतिज्ञानाची चौथी पायरी धारणा. तिचा संस्कार जीवात राहतो आणि पुढे स्मृती बनतो, असे जैन मानतात. एच. एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी रुग्णाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग 1953 मध्ये अपस्मारासाठी काढला. त्यानंतर 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत. मात्र आरशात पाहून रेघ काढण्याचे कौशल्य तो सरावाने शिकला, आपण सराव केला हे आठवत नसतानाही. संस्कार उमटला पण ज्ञानावरणीय कर्मामुळे झाकला गेला, असे जैन उत्तर देता येते. परंतु झाकलेला संस्कार आणि मुळात न उमटलेला संस्कार यांत बाहेरून फरक करण्याची कसोटी या उत्तरात नाही.